घरच्या कॉकटेलसोबत कुठलं जॅझ लावावं, आणि किती मोठ्यानं?

प्रश्न थोडक्यात असा: शनिवारी संध्याकाळी सात-आठ मित्रमैत्रिणी घरी येणार आहेत, कॉकटेल तुम्ही स्वतः बनवणार आहात आणि सोबत जॅझ किंवा लाउंज संगीत हवंय. गेल्या वेळी 'कॉकटेल जॅझ' नावाची तयार प्लेलिस्ट लावलीत, तर अर्ध्या तासात एकानं विचारलं की हे लिफ्टमधलं संगीत अजून किती वेळ चालणार. मग दुसरी लावलीत, तर तिच्यात मध्येच एक सॅक्सोफोन असा किंचाळला की सगळे बोलायचे थांबले. जॅझमधलं मला काही कळत नाही, सरळ अल्बमची नावं द्या, आवाज किती ठेवायचा ते सांगा आणि कुठल्या पेयासोबत काय लावायचं तेही, असं तुमचं म्हणणं.

नावं देतोच. पण नुसती नावं घेऊन गेलात तर ती संपल्यावर पुन्हा हाच प्रश्न पडेल, म्हणून निवड कशी करायची तेही सांगतो. बार आणि हॉटेलांच्या लाउंजमध्ये कुठल्या वेळी काय वाजावं हे ठरवणं माझं काम आहे. घरचं काम त्याहून सोपं असतं. अडचण एवढीच की बारमधलं गिऱ्हाईक संगीत आवडलं नाही तर गुपचूप निघून जातं, घरचा पाहुणा तोंडावर सांगतो.

तुमच्या दोन्ही तक्रारी वरवर उलट्या वाटतात, पण मूळ एकच आहे: दोन्ही वेळा तुम्ही लेबल बघून संगीत निवडलंत. 'जॅझ' हे लेबल 1920 च्या दशकातल्या नाचाच्या बँडपासून ते 1960 नंतरच्या, ठेका आणि स्वरांची चौकट दोन्ही मोडून टाकणाऱ्या वादनापर्यंत सगळ्यावर लागतं. त्यातलं निम्मं संगीत तुमच्याकडून पूर्ण लक्ष मागतं आणि ते मागण्याचा त्याला हक्कही आहे. उलट टोकाला ती तयार याद्यांमधली गुळगुळीत, बिननावाची रेकॉर्डिंगं. त्यांच्यात कुणी वाजवतंय असंच वाटत नाही. तुम्हाला हवंय ते या दोहोंच्या मधलं. गप्पांना जागा सोडणारं, पण गप्पा क्षणभर थांबल्या आणि कान तिकडे गेला तर त्याला काहीतरी देणारं.

आता काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, पडदे नाहीत, असं असेल तर आवाज घुमतो आणि झांजा कानाला टोचतात. गालिचा, सोफे, पुस्तकांची कपाटं असतील तर तीच खोली बरंच पोटात घेते. आठ माणसं एकाच गप्पेत असतात की दोन-दोन, तीन-तीनचे घोळके होतात, त्यानंही फरक पडतो. आणि त्यांच्यात एखादा खरोखर जॅझ ऐकणारा असेल तर त्याला आधी विचारा, नाहीतर तो संध्याकाळभर तुमची यादी मनातल्या मनात दुरुस्त करत बसेल.

माझ्याकडे नवीन काम शिकायला येणाऱ्याला मी पहिली गोष्ट सांगतो: कलाकाराचं नाव नंतर वाच, आधी वाद्यं मोज. किती जण वाजवतायत, पुढे कोण आहे आणि ड्रमरच्या हातात काय आहे? एवढ्या तीन प्रश्नांत निम्मी निवड होते. तिघं किंवा चौघं असले की बहुतेक वेळा काम होतं. पंधरा-सोळा जणांचा बिग बँड घरी जवळजवळ कधीच चालत नाही. त्यांच्या वादनाची सगळी गंमत हळू-जोरात, हळू-जोरात यात असते. हळू भाग तुमच्या गप्पांत बुडतो आणि मग अचानक सगळी ट्रम्पेटं एकदम उठली की कुणाच्या तरी हातातला ग्लास हिंदकळतो.

पुढे कोण आहे हा प्रश्न महत्त्वाचा, कारण माणसाचं बोलणं समजायला लागणारी माहिती मुख्यतः 500 ते 4000 हर्ट्झच्या पट्ट्यात असते. ट्रम्पेट आणि वरच्या पट्टीतला सॅक्सोफोन नेमके तिथेच जोरात वाजतात, म्हणजे तुमच्या पाहुण्यांशी त्यांची थेट झटापट. गिटार, व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठीनं वाजवायचं वाद्य) आणि हलक्या हातानं वाजवलेला पियानो त्याच पट्ट्यात असले तरी त्यांचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो. दोन स्वरांच्या मधे फट राहते आणि त्या फटीतून बोलणं ऐकू येतं. फुंकून वाजवायच्या वाद्याचा स्वर श्वास पुरेल तितका वेळ टिकतो. म्हणून सॅक्सोफोन हवाच असेल तर टेनर, म्हणजे खालच्या पट्टीतला, घ्या, तोही बेन वेबस्टरसारख्याचा. संथ चालींत तो स्वर सोडताना त्यातला सूर संपतो आणि नुसता श्वास ऐकू येत राहतो. 1959 साली पियानोवादक ऑस्कर पीटरसनसोबत त्यानं केलेला अल्बम लावून बघा, मी काय म्हणतोय ते पहिल्या दोन मिनिटांत कळेल.

ड्रमरच्या हातात काठ्या आहेत की ब्रश हे ओळखायला जॅझ कळावं लागत नाही. ब्रश म्हणजे बारीक तारांचा झुबका. तो ड्रमच्या पडद्यावर फिरवला की सुस्स-सुस्स असा घासल्याचा आवाज येत राहतो. काठीनं झांज वाजवली की टिंग-टिंग येतो आणि घुमणाऱ्या खोलीत तासाभरानं तोच आवाज डोकं उठवतो. तुमच्या खोलीत पडदे नसतील तर ब्रशवालीच रेकॉर्डिंगं निवडा. किंवा ड्रमच नसलेली: नॅट किंग कोलचं मूळ त्रिकूट पियानो, गिटार आणि बास एवढंच होतं, आणि तरी ठेका कुठे कमी पडत नाही.

तुमच्या प्रसंगाला सगळ्यात जवळचं रेकॉर्डिंग कुठलं, असं कुणी विचारलं तर मी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' सांगतो. बिल एव्हन्स पियानोवर, स्कॉट लाफारो बासवर, पॉल मोशन ड्रमवर. 25 जून 1961 च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. हेडफोन लावून ऐकलंत तर मागे ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी कुजबुजणं आणि मधेच कुणाचं हसणं ऐकू येतं. लोक पीत होते, बोलत होते, आणि हे तिघं त्यांच्यावर आवाज न चढवता वाजवत होते. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, तेव्हा तो 25 वर्षांचा होता. त्या दिवशीच्या वादनाला हा एक संदर्भ चिकटलेला आहे, पण तो पाहुण्यांना सांगायची गरज नाही. ऐकताना बासकडे लक्ष द्या. तो नुसता ठेका धरत नाही, पियानोशी बोलतो. तुमच्या स्पीकरला खर्ज नीट येत नसेल तर या अल्बममधलं निम्मा संवादच गायब होईल.

याच्याच दुसऱ्या बाजूला अहमद जमाल. 'अ‍ॅट द पर्शिंग' हा अल्बम जानेवारी 1958 मध्ये शिकागोच्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये मुद्रित झाला, म्हणजे हे अगदी शब्दशः लाउंजमधलं जॅझ. जमाल कमी वाजवतो. एक वाक्य वाजवून थांबतो, बास आणि ड्रमला चालू देतो, मग पुन्हा येतो. 'पॉइन्सिआना' हा आठ मिनिटांचा तुकडा जवळजवळ एकाच ठेक्यावर उभा आहे. कंटाळा येत नाही आणि बोलण्यात अडथळाही येत नाही. मला कुणी एकच अल्बम निवडायला लावला तर मी हा निवडेन.

आता गाण्यांबद्दल, म्हणजे शब्द असलेल्या संगीताबद्दल. आपल्याला कळणाऱ्या भाषेतले शब्द कानावर पडले की मन ते समजून घ्यायला जातंच, आपण थांबवू शकत नाही. म्हणून गप्पा रंगात आल्यावर मी गाणी काढून घेतो. सुरुवातीला मात्र ती हवीतच. पहिले दोन-तीनच पाहुणे आलेत, बाकीच्यांची वाट बघताय, अजून गप्पांना तोंड फुटलेलं नाही, अशा वेळी माणसाचा आवाज खोली भरून टाकतो. एला फिट्झजेराल्ड आणि लुई आर्मस्ट्राँग यांचा 1956 चा 'एला अँड लुई' त्यासाठी उत्तम. एकीचा गुळगुळीत आवाज आणि दुसऱ्याचा खरखरीत, मागे ऑस्कर पीटरसनची मंडळी. ज्युली लंडनचा 1955 चा पहिला अल्बमही असाच: फक्त गिटार, बास आणि ती, माइकच्या अगदी जवळ येऊन गाणारी.

शब्द कळत नसतील तर अडचण बरीच कमी होते, आणि बोसा नोव्हा, म्हणजे ब्राझीलचं हलक्या ठेक्याचं संगीत, कॉकटेलसोबत इतकं का चालतं त्याचं एक कारण हेच असावं असं माझं मत. स्टॅन गेट्झ आणि जुआंव जिल्बेर्तो यांचा 1964 चा 'गेट्झ/जिल्बेर्तो' घ्या. जिल्बेर्तो पोर्तुगीजमध्ये जवळजवळ कुजबुजतो, पियानोवर बोसा नोव्हाचा संगीतकार जोबिम स्वतः आहे आणि गेट्झचा टेनर कितीही सुंदर असला तरी आवाज चढवत नाही. अस्त्रुद जिल्बेर्तो दोनच गाण्यांत इंग्रजीत येते. लोकांनी हा अल्बम इतका वाजवलाय की जाणकार नाक मुरडतात. मुरडू द्या.

एक सावधगिरीची सूचना, कारण हे मी होताना पाहिलंय. 'जॅझ गायिका' अशा तयार यादीत बिली हॉलिडेचं 'स्ट्रेंज फ्रूट' हमखास सापडतं. चाल संथ, आवाज मखमली, आणि गाणं 1939 चं, अमेरिकेत जमावानं झाडाला लटकवून मारलेल्या कृष्णवर्णीयांच्या प्रेतांबद्दलचं. ते ऐकायचं असतं, पण मार्टिनी ओतताना नाही. इंग्रजी गाण्यांची यादी लावणार असाल तर आधी एकदा त्यावरून नजर फिरवा.

'लाउंज' या लेबलाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली 1950-60 च्या दशकातली, घरातल्या नव्या हाय-फाय संचावर वाजवायला केलेली वाद्यवृंदाची आणि 'एक्झॉटिका', म्हणजे दूरच्या बेटांची हवा आणू पाहणाऱ्या प्रकारची रेकॉर्डिंगं. मार्टिन डेनीचा 1957 चा 'एक्झॉटिका' यातला मुख्य. डेनीचा संच होनोलुलूच्या शेल बारमध्ये वाजवायचा, बाजूच्या तळ्यातले बेडूक वादनाला साथ द्यायचे, ते ऐकून वादकांनी गंमत म्हणून पक्ष्यांचे आवाज काढायला सुरुवात केली आणि तीच त्यांची ओळख झाली. रम आणि फळांच्या रसाची, लिंबाच्या चकत्या खोचलेली कॉकटेलं बनवत असाल तर अर्धा तास हे लावा, सगळे हसतील. तासभर नको, तिसऱ्या पोपटानंतर गंमत संपते.

दुसरी गोष्ट म्हणजे 1990 च्या दशकात आणि नंतर आलेलं संथ इलेक्ट्रॉनिक संगीत. इबिझा या स्पॅनिश बेटावरच्या काफे देल मार या बारमध्ये डीजे होझे पादिया सूर्यास्ताला जे लावायचा त्याचं पहिलं संकलन 1994 ला आलं. पॅरिसच्या ओतेल कोस्त या हॉटेलची अशाच संकलनांची मालिका 1999 पासून. यातलं चांगलं संगीत अगदी पद्धतशीर असतं: ठेका सारखा, आवाजाची पातळी सारखी, दचकवणारं काही नाही. पण माझ्या मते घरी ते पोकळ वाटतं. हॉटेलात दीडशे माणसांचा गलबला त्या पोकळीत भरला जातो. आठ माणसांच्या खोलीत ती पोकळी तशीच राहते आणि मग तुमचा मित्र लिफ्टची आठवण काढतो. या वाटेनं जायचंच असेल तर सेंट जर्मेन या नावानं संगीत करणाऱ्या फ्रेंच कलाकाराचा 2000 चा 'टूरिस्ट' घ्या. ठेका यंत्राचा, पण त्यावर खरे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बासरी आहेत आणि संध्याकाळच्या मधल्या तासात तो खोलीला जाग आणतो. तिसरी गोष्ट म्हणजे सूटबूटातल्या गायकांची प्रेमगीतं. त्यांना गाण्यांचाच नियम लागू, सुरुवातीला वाजवा, नंतर काढा.

कुठल्या पेयासोबत कुठलं संगीत असंही तुम्ही विचारलंय. हा खेळ मलाही आवडतो. पॉल डेसमंडनं स्वतःच म्हणून ठेवलंय की आपल्या ऑल्टो (टेनरहून वरच्या पट्टीतल्या) सॅक्सोफोनचा आवाज ड्राय मार्टिनीसारखा यावा असं त्याला वाटायचं, आणि तो तसा येतोही: थंड, कोरडा, नितळ. ऑल्टो असूनही तो गप्पांवर चढत नाही, कारण तो जोरानं फुंकतच नाही. पण व्यवहारात आठ माणसांच्या हातात आठ ग्लास असतात, एकाची निग्रोनी, दुसरीची हायबॉल, तिसरा नुसता सोडा पितोय. मग संगीत कुणाच्या ग्लासाला जुळवायचं? ते वेळेला जुळवा. बार चालवणारेही तेच करतात.

वेळेला जुळवायचं म्हणजे लय आणि भरीवपणा यांचा चढउतार बघायचा. लोक येत असताना मध्यलय, पावलाला सहज सापडेल अशी. सगळे जमून दुसरा ग्लास हातात आला की थोडं जड, थोडं ठसक्याचं: ऑर्गन, काँगा (हातानं वाजवायचा उंच ढोल), ब्लूजकडे झुकणारी गिटार. उशिरा विलंबित. 1986 साली अमेरिकी संशोधक रोनाल्ड मिलिमन यांनी एका रेस्टॉरंटमध्ये पाहिलं होतं की संथ संगीत असताना लोक जास्त वेळ बसले आणि दारूवर जास्त खर्च केला. खाण्याच्या बिलात फारसा फरक नव्हता. 2008 मध्ये निकोला गेगां यांच्या गटानं फ्रान्समधल्या बारमध्ये आवाज 72 वरून 88 डेसिबलवर नेला, तेव्हा लोकांनी बिअर लवकर संपवली. घरच्या यजमानाला या दोन्हींचा उपयोग असा की संगीत मोठं आणि जलद ठेवलंत तर तुम्ही रात्रभर शेकरच हलवत राहाल.

आवाजाबद्दल आता नेमकं. साधं बोलणं एक मीटरवरून साधारण 60 डेसिबल भरतं. खोली रिकामी असताना, सोफ्यावर बसून, संगीत 50 ते 55 च्या आसपास असावं. फोनवरचं मोफत मापक अॅप अगदी अचूक नसतं, पण एवढ्या कामाला पुरतं. अॅप नको असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाला तरी उभं करा आणि रोजच्या आवाजात फोन नंबर सांगायला लावा. एकही आकडा पुन्हा विचारावा लागला तर आवाज कमी करा.

माणसं आल्यावर हेच संगीत कमी वाटायला लागेल आणि तुमचा हात बटणाकडे जाईल. गलबल्यात माणूस नकळत आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्येच नोंदवलंय. तुम्ही संगीत वाढवलंत की पाहुणे आवाज चढवतात, ते चढले की संगीत पुन्हा कमी वाटतं, आणि अशा तीन पायऱ्यांनंतर शेजारी दार वाजवतात. सगळे जमल्यावर एकदा थोडंसं वाढवा आणि मग बटणाला हात लावू नका. उलट, लोक कमी झाले की कमी करायला विसरू नका. हे मात्र जवळजवळ सगळेच विसरतात.

आवाज कमी ठेवला की खर्ज सगळ्यात आधी नाहीसा होतो. स्पीकर बिघडलेला नसतो, आपला कानच तसा आहे. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 मध्ये याचे आलेख काढून ठेवलेत. जुन्या अॅम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण यासाठीच असायचं. तुमच्याकडे ते नसेल तर इक्वलायझरमध्ये खर्ज थोडा वाढवा, किंवा स्पीकर भिंतीच्या जवळ सरकवा, भिंत आपसूक खर्ज वाढवते. जॅझमध्ये चालण्याचं काम डबल बास करतो. तो ऐकू आला नाही की उरलेलं संगीत लटकल्यासारखं वाटतं आणि लोकांना ते 'लिफ्टमधलं' वाटायचं अर्धं कारण हेच असतं. गेल्या वेळचं तुमचं संगीत कदाचित तितकं वाईट नसेलही.

स्पीकरबद्दल अजून एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. 1950 च्या दशकाच्या शेवटी आणि 60 च्या सुरुवातीला स्टीरिओ नवा होता, तेव्हा बरेचदा सॅक्सोफोन पूर्ण डावीकडे आणि ड्रम पूर्ण उजवीकडे असं मिश्रण करायचे. तुम्ही एक स्पीकर दिवाणखान्यात आणि दुसरा स्वयंपाकघरात, बर्फ फोडता तिथे ठेवलात तर एका खोलीत नुसते ड्रम वाजतील. स्पीकर असे लांब ठेवणार असाल तर फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये जाऊन मोनो ऑडिओ चालू करा, म्हणजे दोन्ही स्पीकरवर सगळं सारखंच वाजेल. आणि स्पीकर खुर्चीच्या मागे कुणाच्या कानाशी ठेवू नका. तो बिचारा संध्याकाळभर वेगळ्याच कार्यक्रमात असतो.

'काइंड ऑफ ब्लू' का नाही सांगितला असं कुणीतरी खाली विचारेलच. 1959 चा माइल्स डेव्हिसचा तो अल्बम थोर आहे, आणि बहुतेकांच्या घरी जॅझ म्हणून तोच एक असतो. पण त्याची सुरुवात पियानो आणि बासच्या इतक्या हळू, ठेका नसलेल्या तुकड्यानं होते की गप्पांत ती ऐकूच येत नाही. लोकांना वाटतं काही लागलंच नाही, कुणीतरी आवाज वाढवतं, आणि मग तीन फुंकवाद्यं आत येतात. उशिरा, तीन-चारच माणसं उरलेली असताना लावा. तेव्हा तो त्याच्या जागी असतो.

तर तुमच्या शनिवारसाठी. त्या काळातले अल्बम लाँगप्लेच्या दोन बाजूंवर मावायचे, म्हणून बहुतेक 30 ते 45 मिनिटांचे आहेत, आणि निवांत पिणाऱ्या माणसाचं एक कॉकटेल संपायला साधारण तेवढाच वेळ लागतो. सुटी गाणी जोडत बसण्यापेक्षा अख्खे अल्बम ओळीनं लावा. त्यांचा क्रम कुणीतरी डोकं लावून ठरवलेला असतो. पहिले पाहुणे येताना 'एला अँड लुई'. सगळे आले की 'गेट्झ/जिल्बेर्तो', मग अहमद जमाल. दुसऱ्या ग्लासाला केनी बरेलचा 1963 चा 'मिडनाइट ब्लू'; त्यात पियानो नाही, गिटार आणि काँगा यांच्यामधे मोकळी जागा आहे आणि टेनर भारदस्त आहे. त्यानंतर जिमी स्मिथचा 'बॅक अॅट द चिकन शॅक', ऑर्गनसाठी. जेवणाच्या वेळी मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा 'जँगो', कारण व्हायब्राफोन काट्या-चमच्यांच्या आवाजात छान मिसळतो. जेवणानंतर बेन वेबस्टर आणि ऑस्कर पीटरसन, मग, गप्पा मंदावल्यावर गाणी पुन्हा चालतात म्हणून, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमन यांचा 1963 चा, सहाच गाण्यांचा अल्बम. हा तोच कोल्ट्रेन, ज्याचं दुसरं काही लावलंत तर तुमच्या गेल्या वेळच्या किंचाळणाऱ्या सॅक्सोफोनची आठवण येईल. इथे मात्र तो गायकाच्या मागे मांजराच्या पावलांनी चालतो. सगळ्यात शेवटी 'वॉल्ट्झ फॉर डेबी'.

हे अल्बम शोधताना एक काळजी घ्या. नव्यानं काढलेल्या आवृत्त्यांमध्ये शिल्लक राहिलेले टेक, म्हणजे त्याच गाण्याची आणखी रेकॉर्डिंगं, जोडलेले असतात आणि काही वेळा ते मूळ गाण्याच्या लगेच पुढे असतात. 'वॉल्ट्झ फॉर डेबी'च्या काही आवृत्त्यांत एकच चाल लागोपाठ दोनदा येते. अभ्यासाला ते फार छान, पण पाहुण्यांना वाटतं यंत्र अडकलं. जास्तीचे टेक यादीतून काढून टाका. वेगवेगळ्या वर्षांच्या रेकॉर्डिंगची पातळी सारखी राहावी म्हणून अॅपमधलं आवाज समान ठेवण्याचं सेटिंग चालू करा. यादी संपल्यावर आपोआप पुढचं काहीतरी लावणारं ऑटोप्ले बंद करा, नाहीतर रात्री साडेअकराला लिफ्ट परत येईल. मोफत आवृत्ती वापरत असाल तर त्या एका महिन्याचे पैसे भरा, कारण हार्टमनच्या ओळीनंतर जाहिरातीतला उत्साही माणूस ओरडला की त्यावर कुठलंच कॉकटेल चालत नाही. ज्या फोनवरून वाजवणार त्याचे कॉल आणि नोटिफिकेशन बंद ठेवा, आणि तो फोन शेकरपासून लांब ठेवा. ओल्या हातानं स्क्रीन चालत नाही.